रेणूंमधली ओढ मोजायची तर डीएफटी-डी३ घ्यायचं की सॅप्ट?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला "दोन रेणू एकमेकांना कशामुळे धरून राहतात" असला विषय मिळाला की बहुतेक जण लॅबमधले सिनियर जी मेथड वापरतात तीच उचलतात. तसं करू नका. आधी हे ठरवा की तुम्हाला आकडा हवाय की कारण, कारण डीएफटी-डी३ आणि सॅप्ट या दोन मेथड त्यावरच वेगळ्या होतात.

डीएफटीचं (डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत त्यावरून एनर्जी काढणारी मेथड) काम सरळ आहे, जोडीची एनर्जी काढायची, मग एकेका रेणूची, आणि वजाबाकी. पण ही वजाबाकी केवढ्या आकड्यांची ते बघा: पाण्याच्या एकाच रेणूची एनर्जी किलोकॅलरी प्रति मोलमध्ये जवळपास उणे ४८ हजार येते आणि दोन पाण्यांमधली ओढ फक्त ५. एवढ्या मोठ्या आकड्यांतून ५ शोधायचे म्हणजे जरा चूक झाली तरी भारी पडते. बेसिस सेट (इलेक्ट्रॉनचं वर्णन करायला वापरलेल्या फंक्शन्सचा संच) छोटा असेल तर एक रेणू शेजाऱ्याची फंक्शन्स वापरून घेतो आणि बॉण्ड आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो, त्यासाठी बॉइज आणि बर्नार्डी यांचं १९७० चं काउंटरपॉइज करेक्शन लावायचं, म्हणजे शेजारच्या अणूंच्या जागी फक्त घोस्ट फंक्शन्स ठेवून प्रत्येक रेणू पुन्हा मोजायचा.

दुसरी गोष्ट डिस्पर्शनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या क्षणिक हालचालींमुळे रेणूंमध्ये तयार होणाऱ्या ओढीची. मी सुरुवातीला दोन बेंझिन एकावर एक ठेवून साधं बी३एलवायपी (डीएफटीचं एक फंक्शनल, म्हणजे एनर्जी काढायचं सूत्र) चालवलं आणि ऑप्टिमायझेशनमध्ये रिंगा लांब-लांबच जात राहिल्या, दोन दिवस मला वाटत होतं इनपुटच चुकलंय. इनपुट बरोबर होतं, त्या फंक्शनलमध्ये लंडनने १९३० मध्ये सांगितलेली ती ओढच नाहीये. ग्रिमं यांच्या ग्रुपचं २०१० चं डी३ करेक्शन ती वरून भरून देतं, आणि त्याला वेळ जवळजवळ काहीच लागत नाही, त्यामुळे आजच्या घडीला डी३ शिवाय डीएफटी या कामाला वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. डीएफटीऐवजी एमपी२ ही वेव्हफंक्शनवरची मेथड घेऊ का असं कोणी विचारलं तर स्टॅकिंगसाठी (रिंगा एकावर एक असताना) नको. थोड्या सरकलेल्या बेंझिन जोडीला सीसीएसडी(टी), म्हणजे बाकीच्या मेथड जिच्याशी ताडून बघतात ती महागडी मेथड, साधारण २.७ किलोकॅलरी देतं आणि एमपी२ मोठ्या बेसिसला ५ च्या आसपास जातं.

आता सॅप्ट (सिमेट्री-अडॅप्टेड पर्टर्बेशन थिअरी). इथे वजाबाकी नाहीच, दोन रेणूंमधली ओढ थेट पर्टर्बेशन (सुट्या रेणूंवर होणारा छोटा बदल) म्हणून काढतात, म्हणून घोस्टची भानगड नाही. आणि उत्तर चार भागांत मिळतं: इलेक्ट्रोस्टॅटिक (चार्जांमधली ओढ), एक्सचेंज (इलेक्ट्रॉन ढग एकमेकांवर चढले की होणारी ढकल), इंडक्शन (एका रेणूमुळे दुसऱ्याचा ढग सरकणं), डिस्पर्शन. पाण्याच्या जोडीत इलेक्ट्रोस्टॅटिक सगळ्यात मोठं आकर्षण दिसतं, बेंझिनच्या जोडीत डिस्पर्शन. व्हायव्हात "का?" विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असतं, हे मला फार मोलाचं वाटतं. सॅप्ट चालवणारं साय४ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, इनपुटमध्ये दोन रेणूंच्या मधल्या ओळीवर फक्त दोन डॅश द्यायचे आणि प्रत्येक रेणूच्या वर चार्ज आणि मल्टिप्लिसिटी, बस. पण सॅप्टने जॉमेट्री (अणूंची मांडणी) ऑप्टिमाइझ करायला जाऊ नका, ती डी३ वरून आणा. शिवाय यात रेणू जोडीत जसे आहेत तसेच धरलेले असतात, जवळ येताना ते थोडे वाकतात त्याची किंमत वेगळी मोजावी लागते.

म्हणून एमएस्सीसाठी माझं मत: जॉमेट्री डी३ ने, मग त्यावर सॅप्ट० (सॅप्टची सगळ्यात साधी पातळी). फक्त डझनभर जोड्यांची क्रमवारी लावायची असेल तर नुसतं डी३ पुरे.

सुरुवातीची जॉमेट्री अंदाजाने ठेवत बसू नका. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या ग्रुपने रेणूभोवतीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक पोटेन्शियलवर (एखाद्या जागी प्लस चार्ज ठेवला तर त्याची एनर्जी किती होईल ते) वर्षानुवर्षं काम केलंय, केंद्रकं सोडली तर त्यात कुठेच मॅक्झिमम नसतो हे पाठक आणि गद्रे यांनी १९९० मध्ये दाखवलं. मिनिमम मात्र असतात, पाण्यात ते ऑक्सिजनच्या लोन पेअरकडे, आणि दुसऱ्या रेणूचा हायड्रोजन तिथेच आणून ठेवायचा. वीस-पंचवीस पाण्यांचा क्लस्टर असेल तर त्यांचीच मॉलेक्युलर टेलरिंग पद्धत बघा, एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करायचे, त्यांच्या एनर्जी मिळवायच्या, जो भाग दोनदा मोजला गेला तो वजा करायचा. तुकडे फार छोटे केले तर चूक वाढते, म्हणून आधी एखाद्या छोट्या क्लस्टरवर पूर्ण हिशोबाशी ताडून बघा.