जुनी लीच भांडी: शिक्का बघा, टिचकी मारा

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हज गावातली लीच पॉटरी, म्हणजे कुंभारकामाची कार्यशाळा, १९२० ची. ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी उभारलेली, पुढे लीचचा मुलगा डेव्हिडनेही सांभाळलेली. संग्रहाची सुरुवात तिथल्या रोजच्या वापराच्या ‘स्टँडर्ड वेअर’पासून करावी. तळाजवळ ‘एसआय’ (सेंट आइव्हज) शिक्का शोधा. झिलई जाड बसली तर तो बुजतो, म्हणून बोटाने चाचपा. सोबत कुंभाराची आद्याक्षरं नसतील, तर ‘खुद्द लीचच्या हातचं’ म्हणून जादा पैसे मोजू नका. टिचकीला बद्द आवाज आला की तड्याचा संशय घ्या. नंतरची डागडुजी अतिनील टॉर्चखाली बहुधा वेगळी चमकते. टेनमोकू या काळ्या झिलईच्या भांड्याचा काठ तांबूस दिसतो, तो दोष नव्हे. तिथे झिलई पातळ होते. सुरुवातीचं स्लिपवेअर (पातळ मातीच्या लेपाने सजवलेली भांडी) मात्र कमी आचेवर भाजलेलं, त्याचे टवके पटकन उडतात. ते फडताळातच बरं.