झिपवाला धुळीचा पडदा: कौलारू घरात राहूनच काम काढलंय, त्यांच्यासाठी

रिव्ह्यू वगैरे मी कधी लिहीत नाही, पण हा पडदा मागवायच्या आधी रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल घेऊन बसलेले की जुन्या कौलारू घरात हा चालतो का, तर लिहिलेलं सगळं फ्लॅटवाल्यांचं, चारी भिंती स्लॅबला टेकलेल्या, त्यांना काय. आमचं घर बेळगावात, शहापुरात गल्लीत, पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागं परसू, म्हणजे आगगाडीच्या डब्यासारखं. स्वयंपाकघर आणि न्हाणी पाडून नवीन करायची होती. लेकाची एसएसएलसी, म्हणजे दहावी, संपायची वाट बघितली आणि एप्रिलात काम काढलं. महिनाभरासाठी भाड्यानं खोली बघू म्हणाले आमचे हे, पण आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, काही घर सोडायला तयार नाहीत. निपाणीला लेकीकडं जा म्हटलं तर "मी गेले की तुम्ही माझं देवघर हलवणार" म्हणून तिथंच बसल्या. त्यांना दमा. म्हणून हा पडदा.

पाकिटात काय येतंय तर एक पारदर्शक प्लास्टिकचा सात फुटी पडदा, मागं गोंद लावलेल्या दोन झिपा, डबल टेपचं एक बंडल आणि कापायला छोटं पातं. साडेआठशे रुपये. पडदा दाराच्या चौकटीवर चिकटवायचा, त्यावर झिप उभी चिकटवायची, मग झिप उघडायची आणि उघडलेल्या फटीतनं प्लास्टिक कापायचं. हा क्रम नीट वाचा. मी आधी कापलं आणि मग झिप लावायला गेले, ती वाकडी बसली ती शेवटपर्यंत वाकडीच. चूक माझी, पण त्यांनी पण चित्र एवढं बारीक छापलंय की चष्मा लावून पण कळत नाही.

झिप मात्र एक नंबर. दीड महिना गवंडी, हेल्पर, आमचा लेक, सगळे दिवसातनं पन्नास वेळा त्यातनं आत बाहेर करत होते, एकदा पण अडकली नाही. शेवटी सिमेंट जाऊन घट्ट झाली तेव्हा मेणबत्ती घासली, परत सुरळीत.

टेप मात्र बेकार. आमच्या भिंती जुन्या, चुन्याच्या, त्यावर डिस्टेंपरचे थरावर थर. संध्याकाळी लावलेला पडदा सकाळी जमिनीवर आणि टेपला भिंतीचे पापुद्रे. गवंड्यानंच उपाय काढला. कौलं उतरवताना निघालेल्या रिपा, म्हणजे कौलाखालच्या लाकडी पट्ट्या, पडल्या होत्या परसात, त्यातल्या दोन चौकटीच्या मापाच्या तोडून पडद्याच्या कडेवर दाबून खिळे ठोकले. खाली वाळू भरलेल्या जुन्या उशांच्या खोळी. त्यानंतर काही हलला नाही. म्हणजे तुमच्याकडं ऑईल पेंट किंवा टाईलची भिंत असेल तर टेप धरेल, नाहीतर टेपच्या भरवशावर राहू नका.

आता खरी गोष्ट. पडदा एवढा घट्ट लावला, झिप बंद, आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी माजघरात कॉटवर बोट फिरवलं तर पांढरी रेघ. पाण्याच्या घागरीवर धूळ, देवांवर धूळ, आत्या खोकायलेत. मी पडद्याला शिव्या घालत होते, एक स्टार देणार होते. गवंडी अथणीकडचा, आमच्याशी अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलायचा, पहिल्या दिवशीच म्हणालेला, "स्वल्प धूळ बरतैति अक्कार." थोडी धूळ येणारच म्हणे. थोडी? रात्री अंथरुणावर पडून वर बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. कौलारू घरात मधली भिंत कौलापर्यंत जातच नाही की! माळ्याच्या उंचीला थांबते आणि वर सगळ्या घराची हवा एकच. दार बंद करून उपयोग काय, धूळ वरनं फिरून येत होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारात ताडपत्रीच्या दुकानात गेले. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडं सगळेच प्लास्टिक कागद नेतात, गळणाऱ्या कौलाखाली टाकायला नाहीतर खिडक्यांना लावायला, तोच जाड कागद आणला. ऑनलाईन पडद्याच्या निम्म्याहून कमी पैशात तिप्पट मोठा आणि जाडीला दणकट. भिंतीच्या वरच्या फटीत वाशाला खिळे मारून तो टांगला, खालून भिंतीवर विटा ठेवून दाबला. तेव्हा कुठं फरक पडला. बरं, कागद विकणाऱ्या मामांनी विचारलं कशाला पाहिजे, सांगितल्यावर म्हणाले झिप तेवढी वेगळी मिळते की, पडदा कशाला घेतला! आधी भेटले असते तर बरं झालं असतं.

आणखी एक काम केलं त्याचा पडद्याइतकाच उपयोग झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीत टेबल फॅन ठेवला, तोंड बाहेर करून. फॅन त्या खोलीतली हवा बाहेर ढकलतो, मग तिथं हवा कमी पडते आणि ती फटीफटीतनं आपल्या बाजूनं तिकडं ओढली जाते. म्हणजे फट राहिली तरी धूळ आपल्याकडं येत नाही. पडदा तिकडं फुगलेला दिसला की समजायचं काम बरोबर चाललंय. आमच्याकडं दुपारी दोनला पडदा हमखास उलटा फुगायचा, कारण उकडतंय म्हणून हेल्पर पोरानं फॅन आत वळवलेला असायचा. मे महिना, त्याचं पण काय चुकलं म्हणा, शेवटी त्याला आमच्या सोप्यातला पॅडेस्टल दिला आणि आम्ही वारा घालत बसलो.

कटिंगचं पण बघा. कट्ट्याचा ग्रॅनाईट आणि टाईल्स सुक्या कापल्या की पिठासारखी जी पूड उडते तिच्यात सिलिका असते, ती छातीत खोल जाऊन बसते, ती काय पडद्यानं थांबवायची गोष्ट नाही. मी सरळ सांगितलं की कटर परसात नेऊन चालवायचा आणि एकानं पाणी सोडत राहायचं. कुरकुरले, वेळ जातो म्हणाले, पण केलं. त्या पोराच्या तोंडाला नुसता रुमाल होता म्हणून त्याला पण एन ९५ आणून दिला, तो दोन दिवस लावला आणि तिसऱ्या दिवशी कपाळावर. आत्या मात्र स्वतःचा मास्क देवाची पूजा करताना पण काढत नव्हत्या.

स्वयंपाकाचं विचाराल तर सोप्यात इंडक्शन, त्यावर भात, आमटी, चहा. भाकरी इंडक्शनवर मला जमत नाही, आणि भाकरीशिवाय आमच्यात जेवण झाल्यासारखं वाटत नाही. खानावळीतनं कडक भाकरीचा गठ्ठा आणून डब्यात भरून ठेवला, शेंगाचटणी, दही, कांदा. कडक भाकरी आठवडाभर काय होत नाही, फक्त डब्याचं झाकण घट्ट पाहिजे, नाहीतर वर सिमेंटची फोडणी. एक दिवस पडलीच होती, लेकानं न बोलता खाल्ली आणि मग म्हणाला आज चटणी वेगळी लागतेय.

न्हाणीचं थोडक्यात सांगते. परसातला जुना संडास शेवटपर्यंत पाडू दिला नाही म्हणून आम्ही घरात राहू शकलो, ते नसतं तर पडदाबिडदा सगळं व्यर्थ. आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन दिवस पाणी भरून ठेवायला लावलं, टाईल घालायची घाई होती त्यांना, पण दुसऱ्या दिवशी पाइपाजवळ भिंतीला ओल दिसली. टाईल घातल्यावर दिसली असती तर?

चार आठवड्यांचं काम सात आठवडे चाललं. मधे वळीव आला, कौलं उतरवलेली, तेव्हा तोच बाजारातला कागद रातोरात वर चढवला. मृगाच्या आधी कौलं बसली हे नशीब.

तर स्टार. ऑनलाईन पडद्याला पाचापैकी तीन. झिपेला पाच, प्लास्टिकला तीन, टेपला शून्य, आणि शून्य पण जास्त होतंय. परत घ्यायची वेळ आली तर नुसत्या झिपा मागवेन आणि कागद बाजारातनं आणेन. स्लॅबचं घर, गुळगुळीत भिंती आणि दोन चार दिवसाचंच काम असेल तर पाकीट घेऊन टाका, खटपट वाचते. काढताना एक लक्षात ठेवा, लाकडी चौकटीवर टेप ओढून काढू नका, आमच्या माजघराच्या सागवानी दाराचं पॉलिश टेपेसकट आलं. नंतर कळलं की खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवलं की गोंद सुटतो. दुसरी चौकट तशीच केली, छान निघाली. पहिल्या चौकटीच्या पट्ट्यावर आत्यांनी आता झेंडूचं तोरण जरा खाली ओढून बांधलंय.