कूल रूफ कोटिंग: स्लॅबवर आणि पत्र्यावर, दोन्हीकडे करून घेतलं

‘एसी लागणारच नाही’ असं सांगून कुणी गच्चीचा हा ऊन परतवणारा पांढरा रंग, म्हणजे कूल रूफ कोटिंग, विकत असेल, तर ते वाक्य सोडून द्या आणि रंग घ्या. कोल्हापुरात राजारामपुरीत वरच्या मजल्यावर माझं ब्लाउज शिवायचं काम चालतं. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. मशिनी चालू, इस्त्री चालू आणि डोक्यावर उघडा स्लॅब. मागं अस्तराचे तागे ठेवायला पत्र्याची खोली. दोन्हीवर कोटिंग करून एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला, म्हणून आता लिहिते.

स्लॅब खरा छळतो तो दुपारी नाही, संध्याकाळी. चार-पाच इंची काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि दिवेलागणीला आपण कामाला बसलो की खाली सोडायला लागतं. पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलतो. फरक पडला तो इथं. भिंतीवरच्या थर्मामीटरला विचाराल तर दोन-तीन अंश, त्याहून जास्त नाही. पण कटिंगच्या टेबलाशी उभं राहिलं की टाळूवर जी धग यायची ती गेली, आणि थर्मामीटर ते काही दाखवत नाही. आमच्या पोरी आता सातनंतरही बसतात, हे माझ्यासाठी अंशांपेक्षा मोठं.

पत्र्याचं गणित वेगळं. जस्त चढवलेला पत्रा चकाकतो म्हणून थंड राहील असं वाटतं, पण एकदा घेतलेली उष्णता तो आकाशाकडं सहज सोडत नाही, त्यामुळं तापतच जातो. पांढरा थर ताजा असताना सुमारे ८० टक्के ऊन परतवतो आणि जे घेतो तेही लवकर सोडतो. पत्रा पातळ, उष्णता साठवत नाही, म्हणून तिथं भर दुपारीच फरक कळला. पैसे कमी असतील तर आधी पत्रा करा. मात्र गंज घासून प्रायमर मारल्याशिवाय नको.

आता तक्रार. मजुरीसह चौरस फुटाला २८ रुपये घेऊन ठेकेदारानं पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेचं शेवाळ नीट घासलंच नाही. जुलैत तिथं पापुद्रे सुटले. वर म्हणतो, ‘वहिनी, ह्यातच वॉटरप्रूफिंग पण झालं.’ झालेलं नाही. भेगा आधी भरायच्या, पाणी पाइपकडं जातंय का बघायचं, मग रंग. क्रीम रंग छान दिसेल असंही सुचवत होता. तो पांढऱ्याइतकं ऊन परतवत नाही. रंगाला चार तारे, ठेकेदाराला दोन.

दिरांचं मत होतं, त्यापेक्षा गच्चीवर हिरवळच करू. ऐकायला लई भारी. पण सहा इंच माती भिजली की चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढं जाते, आणि चालण्या-फिरण्याच्या गच्चीचा हिशेब साधारण दीडशे किलोचा धरलेला असतो. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे माती महिनोन् महिने भिजलेलीच. शिवाय मुळं आत शिरू नयेत म्हणून वेगळा थर हवा. नव्या इमारतीत इंजिनिअरनं आधीच वजन धरलं असेल तर हिरवं छत उत्तमच. माती आणि पानांतून उडणारं पाणी दोन्ही गारवा देतात. आमच्या जुन्या घराला नको. कुंड्यांनी मात्र छत गार होत नाही, कुंडीखालची जागा तेवढी होते.

चुन्याचा हात देऊन बघा असंही लोक सांगतात. स्वस्त आहे, एक उन्हाळा निघतो, पावसात वाहून जातो. भाड्याच्या घरात मी तेच केलं असतं. तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच काढलं. आम्ही मात्र आमचं आम्हीच बघितलं.

धूळ बसली की रंगाचा गुण उतरतो, म्हणून होळीच्या सुमाराला गच्ची झाडू मारून धुवायची. कुंड्या ओढायच्या नाहीत, उचलायच्या. दुपारी वर जाताना गॉगल लागतो, इतकं लख्ख परत येतं. आणि चटणीच्या मिरच्या तिथं पूर्वीसारख्या खालून तापत नाहीत, वाळायला वेळ घेतात. सासूबाईंनी त्यासाठी पाण्याच्या टाकीजवळची जागा रंगवू दिली नाही. त्याखाली आमचं बाथरूम आहे, चालतंय.