एआयओएसची लाईफ मेंबरशिप: कोल्हापुरातून अर्ज करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

सीपीआरमधले, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलमधले, आणि बाहेरचे बरेच ज्युनिअर विचारतात, मॅडम एआयओएसची मेंबरशिप घ्यायची का, एवढे पैसे भरून मिळतं काय. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एआयओएस म्हणजे ऑल इंडिया ऑफथॅल्मॉलॉजिकल सोसायटी, ही 1930 सालची संघटना, देशभरातले 20 हजारांहून जास्त डोळ्यांचे डॉक्टर तिचे मेंबर आहेत. डोळ्यांच्या विषयात एमएस, डीएनबी किंवा डीओ हे पुढचं शिक्षण (पीजी) झालं असेल तर लाईफ मेंबर होता येतं आणि फी एकदाच, नंतर रिन्यूअलची कटकट नाही. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर 5 वर्षांनी कॉन्फरन्स, वर्कशॉपला जाऊन मिळवलेले 30 क्रेडिट पॉईंट दाखवून रिन्यू करायला लागतं, त्यात अजून एक तारीख लक्षात ठेवायला नको हे मला फार बरं वाटलं.

अर्ज ऑनलाईन आहे आणि सरळ आहे. फोटो, ओळखपत्र, पीजीचं सर्टिफिकेट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, एवढंच मुख्य. खरा वेळ जातो तो आपले कागद गोळा करण्यात. माझं पदवीचं सर्टिफिकेट जिथून यायचं होतं तिथून ते यायलाच इतका उशीर लागला की फॉर्म अर्धा भरून तसाच पडून होता, फोन केला की एकच उत्तर, प्रोसेसमध्ये आहे. आणि मुलींनो, तुमच्यासाठी खास सांगते, लग्नानंतर पॅनवर नाव बदललं असेल आणि डिग्री माहेरच्या नावाने असेल तर मॅरेज सर्टिफिकेट नाहीतर गॅझेटची कॉपी आधीच स्कॅन करून ठेवा, ही अडचण पुढे बँकेत, पासपोर्टला, सगळीकडेच येते तेव्हा एकदाच फाईल करा आणि मोकळ्या व्हा. डिग्री लॅमिनेट केली असेल तर मोबाईलने फोटो काढू नका, ट्यूबलाईटची चमक बरोबर रजिस्ट्रेशन नंबरवर येते आणि काही वाचता येत नाही. दसरा चौकाच्या बाजूला झेरॉक्सवाले आहेत, त्यांच्याकडे फ्लॅटबेड स्कॅनरवर करून घ्या, चांगलं येतं.

आता ज्याच्याबद्दल मला मनापासून लिहायचंय ते. फॉर्मवर एक प्रपोजर (आपलं नाव सुचवणारा) आणि एक सेकंडर (त्याला दुजोरा देणारा) लागतो, दोघेही आधीपासूनचे मेंबर. बहुतेकजण काय करतात, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतात, सर तुमचा मेंबरशिप नंबर द्या ना, सर देतात, झालं काम. माझं म्हणणं आहे असं करू नका. या सगळ्या प्रोसेसमधला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे आणि आपण तोच फुकट घालवतो.

मी राजारामपुरीत एका सीनिअर सरांकडे फॉर्म घेऊन गेले, ओपीडी संपायच्या वेळेला. सरांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, सध्या काय बघतेस जास्त? म्हटलं सर, गळीत हंगाम चालू आहे, उसाचा पाला लागून झालेले कॉर्नियल अल्सर, बुबुळावरच्या जखमा, लई येतायत. मोबाईलमधला स्लिट लॅम्पचा (डोळा मोठा करून बघायच्या मशीनचा) फोटो दाखवला, पिसासारख्या कडा, बाजूला सॅटेलाईट लीजन म्हणजे छोटे वेगळे डाग, आत हायपोपिऑन म्हणजे साचलेला पू. सर बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, केओएच, म्हणजे जखमेचं खरवडून फंगस बघायची टेस्ट, स्वतः करतेस का लॅबला पाठवतेस? मी म्हटलं पाठवते. तर म्हणाले, स्लाईड स्वतः बघायला शिक, 10 टक्के केओएचचा एक थेंब आणि साधा मायक्रोस्कोप, फंगस आहे का नाही तिथल्या तिथं कळतंय, लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट परत गावाला जाऊन मेडिकलमधून स्टिरॉईडचा ड्रॉप घालून येतो. मग सही केली.

हे ज्यांनी कोल्हापूर, सांगली भागात ओपीडी केलीये त्यांना वेगळं सांगायला नको. ऊसतोडीला आलेला माणूस, डोळ्यात पात लागलं, दोन दिवस तसंच काम केलं, मग कुणीतरी दिलेला ड्रॉप घातला, त्यात स्टिरॉईड, आणि फंगसला रानच मोकळं. आपल्याकडे येतो तेव्हा बुबुळ पांढरं झालेलं असतं आणि घरचे विचारतात फूल जाईल का हो. अशा फंगल अल्सरला नाटामायसिन की व्होरिकोनाझोल, फंगसवरच्या या दोन ड्रॉपपैकी कुठला चांगला, यावर जो मोठा ट्रायल झाला, 2013 ला छापून आलेला, मट नावाचा, 323 पेशंटचा, तो आपल्या देशातल्या अरविंद हॉस्पिटलमधल्या पेशंटवरच झालाय, आणि त्यात नाटामायसिन सरस ठरलं, फ्युझेरियम जातीच्या फंगसमध्ये तर फारच. सरांनी सही करताकरता यावर जेवढं सांगितलं तेवढं मला कुठल्या लेक्चरमध्ये मिळालं नव्हतं. सेकंडर मॅडमकडे पण तसंच, त्यांनी तर पुढच्या अल्सरच्या वेळी सरळ फोन कर म्हणून सांगितलं आणि आजही त्या फोन उचलतात. छोट्या गावात एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला याची किंमत कळेल.

बाकी फायदे. इंडियन जर्नल ऑफ ऑफथॅल्मॉलॉजी, 1953 पासून निघतंय, पण ते ऑनलाईन कुणालाही फुकट वाचता येतं, तेव्हा निव्वळ त्यासाठी मेंबर होऊ नका. वार्षिक कॉन्फरन्सला मेंबरना रजिस्ट्रेशन कमी पडतं, एफएआयसीओ या एआयओएसच्या फेलोशिपची परीक्षा देता येते, निवडणुकीत मत देता येतं. मत देण्याला लोक हलकं समजतात, मी समजत नाही. 2016 च्या सुरुवातीला देशाच्या ड्रग कंट्रोलरने बेव्हासिझुमॅब हे इंजेक्शन डोळ्यात देण्याविरुद्ध इशारा काढला होता, गुजरातमध्ये काही पेशंटना त्रास झाल्यावर. शुगरमुळे पडदा सुजलेल्या आपल्या साध्या पेशंटला परवडणारं इंजेक्शन तेच, दुसरी इंजेक्शनं कितीतरी पट महाग. तेव्हा एआयओएस आणि रेटिनावाल्यांची (पडद्याच्या डॉक्टरांची) संघटना व्हीआरएसआय या दोघांनी बाजू मांडली आणि तो इशारा मागे घेतला गेला. एकटा डॉक्टर कोल्हापुरातून दिल्लीला पत्र लिहून हे होत नाही.

कमी काय वाटतं तर मोठे कार्यक्रम सगळे मोठ्या शहरात, ओपीडी बंद ठेवून, प्रवास आणि हॉटेल धरून जायचं म्हणजे नवीन प्रॅक्टिसवाल्याला जड जातं. जिल्ह्याच्या ठिकाणी हाताने शिकवणारे कोर्स वाढले पाहिजेत, आमच्या भागात तर कॉर्नियाचे, तेही हंगाम सुरू व्हायच्या आधी. आणि पाटीवर नावापुढे अक्षरं वाढवायला म्हणून कुणी घेत असेल तर घेऊ नका, पेशंटला त्यातलं काही कळत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पीजीचं सर्टिफिकेट हातात आलं की लगेच अर्ज करा, प्रॅक्टिस सुरू झाली की वेळ मिळत नाही. प्रपोजरकडे जाताना एखादी अवघड केस फोटोसकट घेऊन जा. आणि फी साईटवर बघूनच भरा, ग्रुपवर जुने फॉर्म फिरत असतात त्यावरची रक्कम धरू नका.