पोळा ते आखाजी: 'मेक -जे' वापरून आठ महिने

पोळ्याच्या आठवड्यात जळगावच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी बिल्डच्या (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याच्या) कमांडला '-जे८' जोडलं, म्हणजे एका वेळी आठ कामं चालवायची. आता आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आलीय. आम्ही जिनिंगवाल्यांसाठी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहितो, सी++ मध्ये, सगळा कारभार जीएनयू मेकवर, म्हणजे कुठली फाइल कशापासून बनवायची ते मेकफाइलमधल्या नियमांतून वाचून बिल्ड करणाऱ्या साधनावर. पूर्ण बिल्डला १९ मिनिटं लागायची, पहिल्याच दिवशी ५ लागली. चहा निम्मा कपात होता. तेव्हाच अनुभव लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो.

चौथ्या दिवशी बिल्ड पडला. काहीही न बदलता परत चालवला, तर पास! "हाई काय व्हयनं दादा?" शेजारच्या पोरानं विचारलं. मला तरी कुठं माहीत होतं! पुढचे दोन आठवडे तो असाच अधूनमधून पडत राहिला, आणि मी बघायला बसलो की हमखास पास.

चोर निघाला बायसनच्या नियमात. बायसन म्हणजे व्याकरणाच्या नियमांवरून पार्सर (मजकुराची फोड करणारा कोड) लिहून देणारा प्रोग्राम. तो एका दमात दोन फाइली बनवतो, पार्सर आणि त्याचं हेडर (कम्पाइल होताना बाकीच्या फाइलींना लागतं ते). आम्ही दोन्ही नावं कोलनच्या अलीकडे लिहून ठेवली होती. वाचणाऱ्याला वाटतं, कृती एक आणि फाइली दोन. मेक मात्र ते दोन वेगळे नियम धरतं. एकेक काम चालायचं तेव्हा पहिल्याच फेरीत दोन्ही फाइली तयार व्हायच्या, दुसऱ्या फेरीची गरजच पडायची नाही. समांतर चालवलं की बायसन दोनदा सुटतो आणि एकाचं हेडर लिहून होतंय तोवर दुसरा तेच पुसून पुन्हा लिहायला घेतो. मध्येच एखाद्या कम्पाइलनं ते उघडलं की संपलं. मेक ४.३ पासून (२०२०) कोलनआधी '&' लावून ही भानगड मिटते. आमच्या जुन्या सर्व्हरवर ४.२ होतं. त्यानं '&' हे तिसऱ्या फाइलचं नाव समजून घेतलं, तक्रारसुद्धा केली नाही. त्यात माझा एक अख्खा शनिवार गेला.

म्हणजे '-जे'नं चूक आणली नाही, वर्षानुवर्षं झाकलेली उघडी पाडली. भरिताच्या पार्टीला कुणी काड्या पेटवतं, कुणी मिरच्या-लसूण कुटतं, कुणी कळण्याच्या भाकरी थापतं, सगळं एकाच वेळी. वांगी भाजल्याशिवाय ठेचायची नाहीत, हे तिथं कुणाला लिहून द्यावं लागत नाही. मेकला द्यावं लागतं.

अशा राहून गेलेल्या नोंदी शोधायला ४.४ मधला (२०२२) '--शफल' कामी आला. तो कामांचा क्रम मुद्दाम विस्कटतो. रात्री घरी जाताना चालू करून जायचो. तीन रात्रींत चार जागा सापडल्या. एका ठिकाणी तर फोल्डर बनायच्या आधीच त्यात ऑब्जेक्ट फाइल (कम्पाइल होऊन निघालेली) टाकायला निघाले होते.

पोट-फोल्डरांत आम्ही सरळ 'मेक' असंच लिहिलेलं, '$(मेक)' हे चल न वापरता. त्यामुळे आतल्या मेकला जॉबसर्व्हर सापडेना, ते निमूट एकेक काम करत बसायचं. जॉबसर्व्हर म्हणजे सामायिक टोकनांची थैली. टोकन मिळालं तर जादा काम सुरू करायचं, झालं की परत टाकायचं. इशारा स्क्रीनवर येत होता, पण आठ कामांच्या गोंधळात वाचतो कोण? '-ओ' (कॅपिटल ओ) लावल्यावर प्रत्येक कामाचं आउटपुट सलग दिसायला लागलं. हे पहिल्या दिवशीच लावा.

एका पोरानं आकडा न देता नुसतं '-जे' मारलं. तसं केलं की मर्यादाच राहत नाही. ८ जीबी रॅम भरली, माउस गोठला, शेवटी लिनक्सनंच कम्पायलर मारले.

आणि ऊन. एप्रिलपासून लॅपटॉप तापून स्वतःच वेग उतरवतो. दुपारी '-जे८' आणि '-जे५' दोन्ही साधारण सातच मिनिटं घेतात, मग पंखा कशाला कोकलवायचा? शेवटचं लिंकिंग (सगळ्या ऑब्जेक्ट फाइली जोडून एक प्रोग्राम करणं) एकट्याचं काम, दोन मिनिटांचं. कोर कितीही वाढवले तरी त्याच्या खाली जाता येत नाही. संगणकतज्ज्ञ अ‍ॅमडालनं १९६७ मध्ये मांडलेला हिशेब आमच्या टेबलावर रोज दिसतो.

निंजा या मेकसारख्याच दुसऱ्या बिल्ड-साधनावर जायचा विचार आहे. तो मुळातच समांतर चालतो आणि लिंकिंगपुरती वेगळी मर्यादा घालता येते. पण अडीच हजार ओळींची मेकफाइल हलवायची कुणी?

माझे चार तारे. रोजच्या कामाला '-जे६' ठेवलंय. ग्राहकाकडे जाणारा बिल्ड मात्र मी अजून रिकाम्या फोल्डरातून '-जे१'नंच काढतो. ऑफिसातली पोरं हसतात.