शिफ्ट ड्युटीवाल्याने स्मार्ट रिंग घ्यावी का? सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

बोटात घालून झोपलं की स्मार्ट रिंग हृदयाचे ठोके मोजते. त्यावरून शरीर किती ताजंतवानं आहे याचा जो मोठा स्कोअर ॲप रोज सकाळी दाखवतं, तो शिफ्टमध्ये काम करणाऱ्याच्या काही कामाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही रिंग मी विकणार नाही. दोन्हींचं कारण एकच, शरीराचं घड्याळ.

मी चाकणला एका कारखान्यात आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते : फर्स्ट, सेकंड, नाईट. शॉप फ्लोअरवर अंगठी घालायला बंदी आहे (अंगठी अडकून बोट गेल्याचे फोटो सेफ्टी ट्रेनिंगला दाखवतात, मग कुणी वाद घालत नाही), त्यामुळे ड्युटीभर रिंग लॉकरमध्ये. म्हणजे माझा डेटा जवळपास सगळा झोपेतला. त्याने काही अडत नाही. दिवसा जिना चढलात, चहा घेतलात, साहेबांचा फोन आला, की एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, ठोक्यांमधल्या अंतराची कमीजास्ती) हलणारच. त्यातून अर्थ काय काढणार?

नवीन मंडळींसाठी थोडक्यात : नाडी ६० असली तरी प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडत नाही. एक ९५० मिलिसेकंदांनी, पुढचा १०४० नी. ही कमीजास्ती म्हणजे एचआरव्ही. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात, आणि यात मुख्य हात व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येऊन ठोके संथ करणाऱ्या नसेचा. तिचा अंमल नसता तर स्वस्थ बसलेल्या तरुण माणसाचं हृदयही शंभरच्या आसपास पळालं असतं. रात्री तिचा अंमल वाढतो, म्हणून ठोके उतरतात आणि एचआरव्ही चढतो.

मला वाटायचं, हे झोपेमुळे होतं. अर्धंच खरं. प्रयोगशाळेत लोकांना मंद उजेडात, अर्धवट आडवं ठेवून, थोड्या थोड्या वेळाने सारखंच खायला देऊन दिवसरात्र जागं ठेवलं, तरी हृदयाची गती रात्री उतरते आणि दिवसा चढते. मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २०,००० पेशींचा एक ठिपका आहे, तो हे मुख्य घड्याळ चालवतो. हृदयाच्या पेशींचंही स्वतःचं घड्याळ असतं.

हे रिंगच्या ग्राफमध्ये अगदी उघडं दिसतं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी एकच्या सुमारास झोपतो. ठोके हळूहळू उतरत चार-साडेचारला ५३-५४ वर येतात आणि उठेपर्यंत पुन्हा चढतात. साडीच्या झोळीसारखा आकार. नाईटच्या आठवड्यात सकाळी नऊला पडदे लावून, फोन बंद करून झोपतो. सुरुवातीलाच ५९-६० दिसतं, आणि मग झोप चालू असतानाच, अकरा-बारापर्यंत, रेघ वर सरकत जाते. खाटेवर मी घोरतोय (इति बायको) आणि हृदयाच्या लेखी दिवस उजाडलेला. एचआरव्ही रात्रीच्या झोपेत चाळिशीत, दिवसाच्या झोपेत तिशीच्या अलीकडे-पलीकडे.

आता ॲपचा घोटाळा बघा. ते या दोन्ही झोपांची एकच सरासरी धरतं. त्यामुळे नाईट सुरू झाली की ‘शरीरावर ताण आहे, विश्रांती घ्या’, आणि नाईट संपून दोन रात्री घरी झोपलो की ‘आज जोरदार व्यायाम करा’. तेव्हा मी खरं तर पेंगत असतो. मुख्य घड्याळ ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं, सात-आठ तास सरकायला आठवडाच लागतो आणि तोवर शिफ्ट बदललेली असते. हे ॲपला कळत नाही. कस्टमर केअरला लिहिलं, ‘झोपेची वेळ नियमित ठेवा’ असं उत्तर आलं. धन्य.

उपाय मी साधा केला. वहीत तीन रकाने आखले, शिफ्टप्रमाणे. नाईटची तुलना फक्त मागच्या नाईटशी. तेव्हा कुठे आकडे बोलायला लागले. सकाळी घरी येऊन पोटभर पोहे आणि वर शिरा खाऊन झोपलो की सगळ्यात कमी ठोके तीन-चारने जास्तच राहतात. कॅंटीनमध्ये रात्री एक वाजता जेवून सकाळी नुसतं दूध-केळं घेतलं की तसं होत नाही. बसमधून येताना गॉगल लावला तर झोप लवकर लागते, पण ठोक्यांत फरक दिसला नाही. दारूचा परिणाम विचारू नका. लग्नसराईतली ती रात्र ग्राफमध्ये दुरून ओळखू येते.

एक गोष्ट कंपनीच्या बसमध्ये रोज ऐकतो : ‘माझा एचआरव्ही ७०, तुझा ४०च?’ एचआरव्ही काढायच्या पद्धती एकाहून जास्त : ॲपल वॉच एसडीएनएन दाखवतं, बऱ्याचशा रिंग आरएमएसएसडी. मापंच वेगळी. शिवाय पाच मिनिटांचं मोजमाप आणि २४ तासांचं मोजमाप एकमेकांशी ताडू नये, हे १९९६ साली युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी लिहून ठेवलंय. वयानेही आकडा उतरतो. तुलना स्वतःशीच, आणि तीही त्याच वेळच्या झोपेची.

बाकी रिंग म्हणून ठीक. बॅटरी सुरुवातीला पाच-सहा दिवस जायची, आता चार. काळा रंग कडेने उडाला. उन्हाळ्यात बोट सुजतं, थंडीत ढिली होऊन ग्राफमध्ये खिंडारं पडतात. साइज किट मागवून दोन दिवस बोटात ठेवून मगच नंबर ठरवा. छातीत दुखत असेल, धडधड होत असेल तर रिंग बघत बसू नका, ईसीजी काढा.

जनरल शिफ्टवाल्याला स्कोअरही चालून जाईल. रोटेशनवाल्याने घेण्याआधी एकच तपासावं : ॲपमधून ठोक्यांचा मूळ डेटा एक्स्पोर्ट करता येतो का. माझ्यात येतो, पण त्यासाठी वर्षाची वर्गणी भरावी लागते, आणि हे खोक्यावर कुठेही छापलेलं नव्हतं.