ब्लूम की सोलो? खाडीकाठच्या वर्गातून

मुलाच्या प्रगतीबद्दल शिक्षक शब्दांत लिहितात त्या वर्णनात्मक नोंदींसाठी ब्लूमची चौकट धरावी की सोलोची, हा प्रश्न शिक्षण परिषदेत नवे शिक्षक हमखास विचारतात. रत्नागिरीकडे खाडीकाठच्या शाळेत सातवीच्या भूगोलाला मी दोन्ही वापरल्यात. नोंदींसाठी माझा कौल सोलोला.

ब्लूम, म्हणजे विचाराच्या सहा पातळ्यांची चौकट, डी.एड.पासूनच ओळखीचा. १९५६ची मांडणी, २००१मध्ये सुधारलेली: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. प्रश्नपत्रिका काढायला हीच घ्या. सगळे प्रश्न पाठांतराचे झालेत हे संविधान तक्ता (कुठल्या पातळीचे किती प्रश्न, याचा आराखडा) भरतानाच कळतं. अडतं ते उत्तरं तपासताना. 'अमावास्येला उधाण का येतं?' हा प्रश्न आपण आकलनाचा म्हणून घालतो आणि मूल वहीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवतं. मोजली गेली ती प्रश्नाची पातळी. मुलाला काय कळलं ते राहूनच गेलं.

बिग्ज आणि कॉलिस यांनी १९८२मध्ये मांडलेली सोलो उत्तराची घडण बघते. याच प्रश्नाला एकाने लिहिलं, 'चंद्रामुळे.' एकच मुद्दा. दुसरीने चंद्र, सूर्य, अमावास्या, पौर्णिमा सगळं लिहिलं, पण सुटं सुटं. तिसरा म्हणाला, सूर्य-चंद्र एका रेषेत आले की दोघांची ओढ एक होते; अष्टमीला काटकोनात असतात, म्हणून भांग, म्हणजे लहान भरती. इथे मुद्दे जुळले. आणि वहीत जेमतेम ओळ लिहिणारी एक मुलगी तोंडी बोलली: "गुरुजी, चिपळूणला पूर आला तेव्हा पौर्णिमा जवळ आली होती ना? मग भरतीत वाशिष्ठीचं पाणी उतरणार कसं?" २२ जुलै २०२१चा तो पूर पुस्तकातल्या धड्यात नाही. धड्याबाहेर नेलेला विचार ही सोलोची सर्वात वरची पायरी. अगदी खाली मुद्दाच न सापडलेलं उत्तर.

अशी नोंद हातात असली की पुढे काय शिकवायचं ते कळतं. सुटे मुद्दे मांडणाऱ्या मुलीला आणखी माहिती नको, तिला 'म्हणून' वापरून दोन मुद्दे जोडायला सांगायचं.

सोलोला वेळ लागतो हे खरं. चाळीसच्या वर्गात प्रत्येक घटकाला जमणार नाही. सत्रात एकदोन घटक निवडा. पहिली-दुसरीला दोन्ही बाजूला ठेवा. तिथे मूल अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट वाचतं, ते 'असर' या वाचन तपासणाऱ्या सर्वेक्षणासारखं एकेकाला जवळ बसवून बघा.